जिवंत बाईची घागर

पुष्पाबाईनं अशी किंकाळी फोडली, की नरडाण्याच्या स्टेशनात उभ्या मालगाडीचा गार्ड हातातलं हिरवं निशाण टाकून पळाला म्हणतात. खरं-खोटं त्या गार्डाला ठाऊक. पण किंकाळी फोडावी असंच होतं ते. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस, सकाळीच चटके देणारं ऊन, बुराई नदीचं कोरडं ठाक पात्र, आणि मधोमध वाळूतून एका म्हातारीचं मुंडकं वर आलेलं. नुसतं मुंडकं. डोक्यावर पदर, कपाळावर घाम, गालात तंबाखू.

"कोन मरी गयं वं?" मुंडक्यानं विचारलं.

पुष्पाबाई मटकन वाळूतच बसली. "तू! तूच मरी गयी ना, धुरपदामाय!"

धुरपदाबाई झिऱ्याच्या खड्ड्यातून कमरेपर्यंत वर आली. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत खोल खड्डा खणतात, तळाशी पाणी पाझरतं, तो झिरा. दुसऱ्या दिवशी एका पोटदुखीवाल्याला यायचं होतं, म्हणून ती जागा पाहून ठेवत होती.

"मी मेली? कधी?"

"मागच्या आषाढात."

"आषाढात तर मी गुडघे धरीसन घरात बसेल होती," धुरपदाबाई आठवून म्हणाली. "मरायचं काही ध्यानात नही बा. पाय दुखत होते, त्या गडबडीत राही गयं असेल."

पुष्पाबाई ह्याच गावची लेक, भडगावला दिलेली. सोयरीक धुरपदाबाईनंच जुळवली होती, कारण पुष्पाची सासू झुंबरबाई म्हणजे तिची माहेरची मैत्रीण. दोघी एका झोक्यावर बसून एकाच वेळी खाली पडलेल्या. मागच्या आखाजीपासून बाळंतपणामुळे पुष्पाला माहेरी येता आलं नव्हतं, आणि तिचा भाऊ असा, की गावाला आग लागली तरी कोणाला कळवायचा नाही. त्यामुळे भडगावात जे कानावर आलं, तेच तिनं खरं धरलं. धरणार नाही तर काय? सांगणारा होता भडगावातच राहणारा मगन. धुरपदाबाईच्या धाकट्या दिराचा मुलगा, आईवेगळा, तिनंच पोटाशी धरून वाढवलेला.

पुष्पाबाईनं पिशवीतून एक बाटली काढली. आत पाणी आणि बाहेर चिकटवलेला कागद. कागदावर धुरपदाबाईचा फोटो, डोक्यामागे सूर्यासारखं गोल तेज.

धुरपदाबाईनं बाटली उन्हात धरली, डोळे बारीक केले आणि खदखदा हसली. "फोटो ब्येस उना बरं का! धुळ्याच्या स्टुडिओतला शे. मगननं लईच हट्ट करा, मोठी माय, मन्हा घरात तुन्हा फोटो पाहिजे. नवं लुगडं नेसाडीसन बसाडं मले." मग बाटली पुढे केली. "वाच. काय लिखेल शे?"

"जलमाता समाधिस्थ धुरपदामाई यांच्या झिऱ्याचं सिद्ध पाणी," पुष्पाबाई वाचायला लागली. "साखर, दमा, वांझपण, मूळव्याध, सर्वांवर एकच इलाज. गोळ्या-इंजेक्शन सोडा, माईचं पाणी धरा."

धुरपदाबाईचं हसू ओठांवरच वाळलं.

"गोळ्या सोडा? असं लिखेल शे?"

"हो. सासूबाईंनी बी सोडल्या." पुष्पाबाई खाली बघून बोलत होती. "साखरेच्या गोळ्या चालू होत्या ना त्यांच्या. तू गेल्याचं कळलं तर इतक्या रडल्या, की दोन दिवस जेवल्या नाहीत. मग मगनभाऊ म्हणाले, माई जाताना सगळी शक्ती पाण्यात ठेवून गेली. तेव्हापासून गोळी बंद अन् हे पाणी. आता पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरतच नाही. काळी पडायला लागली. डॉक्टर म्हणे, अंगठा काढावा लागेल, उशीर केला तर पाय. सासूबाई ऐकत नाहीत. धुरपदानं सांगितलंय, म्हणतात."

"मी कधी सांगं?"

पुष्पाबाईनं बाटलीकडे बोट केलं.

धुरपदाबाईनं बाटलीचं बूच काढलं, पाणी तळहातावर घेऊन हुंगलं. नळाच्या पाण्याला येतो तो टाकीच्या औषधाचा वास. तिनं सगळं पाणी वाळूत ओतलं. वाळूनं ते गटागट पिऊन टाकलं.

"उद्या सकाळी पहिल्या गाडीनं मी भडगावले जास," ती म्हणाली.

आता धुरपदाबाई काय करायची, तेही सांगायला पाहिजे. एरवी ही बाई थापांची राणी. तापीला पूर आला तेव्हा मगरीच्या पाठीवर बसून पलीकडे गेले, आणि उतरताना मगरीनं भाडं मागितलं, असं ती पोरांना सांगायची आणि मगरीचा आवाजही काढून दाखवायची. नवऱ्याशी खोटं, देवळातल्या बुवाशी खोटं, एकदा तर मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला तिनं शपथेवर सांगितलं होतं, की ह्या घरात कोणी राहतच नाही. पण झिऱ्यावर नाही. झिऱ्यावर ती दुसरीच बाई व्हायची.

ही रीत तिला तिच्या सासूनं, भिकुबाईनं दिली होती. आजारी माणूस आलं की त्यानं किंवा त्याच्या घरच्यानं स्वतः झिरा खणायचा. पहिलं पाणी गढूळ येतं, ते करवंटीनं उपसत राहायचं, निवळेपर्यंत. तोवर धुरपदाबाई शेजारी बसून विचारायची. काय खातोस, झोप लागते का, घरात कोणाशी बोलणं बंद आहे, जीव कशानं जळतो. पाणी निवळेपर्यंत अर्धं दुखणं तोंडानं बाहेर पडायचं. मग ते पाणी पितळी परातीत घ्यायचं. परातीवर आजारी माणूस वाकायचं आणि शेजारी धुरपदाबाई वाकायची. दोन्ही तोंडं एका पाण्यात दिसली की मग ती काय ते सांगायची. कोणाला ओल्या वाळूत पाय पुरून बस, कोणाला गरम पाण्याचा शेक, कोणाला चहा सोड, कोणाला सुनेशी बोल. आणि कितीदा तरी, "हे मन्हा हातातलं नही. दवाखान्यात जाय. आजच जाय." दवाखान्याची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवायची, हे तर ती दरडावून सांगायची. घ्यायची काही नाही. झिरा संध्याकाळी बुजवायचा. दुसऱ्या माणसाला दुसरा.

"बाकी कुठं काय खोटं बोलायचं ते बोल," भिकुबाई म्हणाली होती. "पण परातीत तुझं तोंड दिसतंय तोवर खोटं नको. ज्या दिवशी पाण्यावर खोटं बोलशील, त्या दिवशी झिरा बुजव आणि परत खणू नको."

मगननं हे सगळं लहानपणापासून बघितलं होतं. धुरपदाबाईच्या मांडीवर बसून परातीत डोकवायचा. दोघांच्या मध्ये तिसरं तोंड त्याचं असायचं.

एसटीत बसल्यावर धुरपदाबाईला एकेक गोष्ट आठवायला लागली. दिवाळीला तो आला होता. पाया पडला, लुगडं आणलं, आणि जाताना म्हणाला, "मोठी माय, तू भडगावला येऊ नको हं. रस्ता खराब, तुझे गुडघे दुखतात. मीच येत जाईन." तिला किती भरून आलं होतं! शेजारणीला सांगितलं होतं, पोटच्या पोरानं केली नसती एवढी काळजी करतो. म्हणजे ज्या दिवाळीला त्यानं तिला लुगडं नेसवलं, त्या दिवाळीला भडगावात ती मरून चार महिने झाले होते. लुगड्याचा रंग चांगला होता, हीच काय ती गंमत.

धुळ्याला गाडी बदलली, पारोळ्याला उसाचा रस पिऊन दुसरी धरली. गाडीत सगळ्या माहेरवाशिणी, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, झोक्याची गाणी. आखाजी म्हणजे खान्देशात लेकींचा सण आणि पितरांचाही. घरोघर त्या दिवशी मेलेल्यांच्या नावानं नवी मातीची घागर भरतात, वर लोटा, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या. पितर येतात, पाणी पिऊन तृप्त होतात आणि जातात. जिवंत माणसाच्या नावानं घागर कोणी भरत नाही. तसं नुसतं बोललं तरी म्हाताऱ्या बायका थू-थू करतात.

झुंबरबाईच्या घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "मुलानं उचलून केंद्रावर नेलंय. आज माईंची पहिली घागर ना!"

मगनचं केंद्र गिरणा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याच्या लांब शेडमध्ये होतं. दारात केळीचे खांब, आत माणसंच माणसं, एका बाजूला बाटल्यांची चळत. समोर चौरंगावर तो धुळ्याचा फोटो, मोठा करून, चंदनाचा हार घालून. धुरपदाबाईनं फोटोकडे बघितलं, फोटोनं तिच्याकडे. दोघींमध्ये फोटोच जास्त टवटवीत होता. फोटोसमोर नवी लाल घागर, कुंकवाची बोटं ओढलेली, वर डांगर. शेजारच्या ताटात सांजोऱ्या. फारच जाड लाटल्यात, असं तिच्या मनात आलं. मेलेल्या बाईला दात नसतात असं समजले असतील.

पांढऱ्या कपड्यातला मगन घागरीवर हात धरून सांगत होता, "मोठी माय गेली, पण तिचा शब्द ह्या पाण्यात आहे. शब्दावर शंका घेतली की पाणी काम करत नाही."

पुढेच झुंबरबाई बसली होती, एक पाय लांब करून, अंगठ्याला फडकं बांधलेलं. फडक्यातून येणारा वास उदबत्तीच्या वासाखालूनही धुरपदाबाईच्या नाकाला लागला. गोड, कुजका वास. हा वास तिनं आयुष्यात दोनदा घेतला होता, आणि दोन्ही वेळा "आजच जाय" म्हणाली होती. एक गेला आणि वाचला. दुसऱ्याच्या घरच्यांनी "उद्या बघू" म्हटलं होतं.

ती बायकांमधून वाट काढत पुढे गेली.

"म्हातारे, लाईन मोड नको," कोणीतरी बोललं.

"मन्हीच घागर शे," धुरपदाबाई म्हणाली. "मन्हासाठी काय लाईन?"

मगननं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, की कोणी तांब्याभर पाणी ओतून धुतला असता तरी एवढा उतरला नसता. एक क्षण तो लहानपणचा मगन होता, काहीतरी फोडल्यावर दारामागे लपणारा. मग तो जवळ आला आणि दातांतून बोलला, "मोठी माय, आत चल. मी सगळं सांगतो. इथं नको."

"अठेच सांग. बठ्ठासमोर." तिनं आवाज चढवला. तिचा आवाज चढला की बैलाच्या गळ्यातली घुंगरं थांबायची. "आयका रे! मी धुरपदा. मी आजून मरेल नही शे. गोळ्या सोडा असं मी कोनलेच सांगेल नही!"

सगळ्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग फोटोकडे, मग मगनकडे.

मगननं श्वास घेतला आणि शांतपणे लोकांकडे वळला. "घाबरू नका. ही माईंची धाकटी बहीण. माई गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. स्वतःलाच माई समजते." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. त्या हातावर लहानपणी भाजल्याचा डाग होता. तिनंच तो झिऱ्याच्या पाण्यात बुडवून धरला होता, तो रडायचा थांबेपर्यंत.

तिनं इकडं तिकडं पाहिलं. बाटल्यांच्या चळतीजवळ गिरधर उभा होता. भडगावचाच, केळीचा बागायतदार. मागे ह्याला पोटाच्या आगीनं झोप लागत नव्हती तेव्हा तो पार नदीपर्यंत आला होता. त्यानं झिरा उपसता उपसता भावाशी झालेलं भांडण सगळं ओकून टाकलं होतं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. आता त्याच्या छातीवर सेवेकऱ्याचा बिल्ला होता.

"गिरधरभाऊ, तू सांग. मी कोन शे?"

गिरधरनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मगनकडे बघितलं. "चेहरा सारखा आहे," तो म्हणाला. "पण माई गोऱ्या होत्या."

मागे दोनचार जण हसले. धुरपदाबाईला वाटलं, खरंच मरायला काही हरकत नव्हती.

ती झुंबरबाईसमोर खाली बसली. "झुंबरे. तू तरी बोल. झोक्यावरून पडलो होतो, तुन्हा दात पडना, मन्ही हनुवटी फुटनी." तिनं हनुवटीवरचा व्रण पुढे केला.

झुंबरबाईनं हात पुढे केला, व्रणावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले. मग ती अगदी हळू, दोघींनाच ऐकू जाईल असं बोलली, "वळखं वं तुले. दारातून उनी तवाच वळखं."

"मग सांग ना ह्यासले!"

"धुरपदे..." झुंबरबाईनं तिचा हात घट्ट धरला. "तू जित्ती असशीन, तर हे पाणी निस्तं पाणीच ना? मग मन्हा पाय कापतीन. तू जित्ती होती तवा काय सांगायची? मले नही माहीत, दवाखान्यात जाय. मरेल धुरपदा सांगस, पाय बरा व्हई. तीच बरी शे माय." आणि ती रडत म्हणाली, "तू मरेलच ऱ्हाय ना."

मगननं मारलं ते मगन म्हणून. गिरधरनं ओळख पुसली ती भित्रा म्हणून. पण झुंबरनं तिला ओळखून, हात धरून, मरायला सांगितलं. धुरपदाबाईला काही क्षण काहीच ऐकू येईना. समोर फक्त ते फडकं आणि तो गोड कुजका वास. तिला एवढंच कळत होतं, की ह्या खोलीत जिवंत धुरपदाचं कोणी ऐकणार नाही. जिवंत धुरपदाला "मला माहीत नाही" म्हणायची सवय, आणि ते कोणाला नको होतं. इथं शब्द चालत होता तो फोटोतल्या बाईचा.

घागरीचं पाणी तोंडापर्यंत भरलेलं होतं. तिनं डांगर आणि लोटा उचलून खाली ठेवला, घागर तिरपी करून एका रिकाम्या ताटात पाणी ओतलं आणि त्यावर वाकली. तिचं एकटीचं तोंड पाण्यात हललं. भिकुबाई काय म्हणाली होती ते तिला चांगलं आठवत होतं.

मग तिनं पदर सोडला, केस मोकळे केले, डोळे मोठे केले आणि असा आवाज काढला, की शेडचे पत्रे थरथरले. निदान तिथं होते ते सगळे तसंच सांगतात.

"ब-ठ्ठा आ-य-का! मगन घाबरना, म्हनून खोटं बोलना. मी बहीन नही शे! मी मरेल धुरपदाच शे! आज आखाजी. पितरं घागरीवर येतस. मी मन्हं पाणी प्याले उनी!"

आणि तिनं लोटा बुडवून पितरांचं पाणी घटाघटा प्यायलं, हनुवटीवरून ओघळ आले तरी थांबली नाही.

पहिलं लोटांगण कोणी घातलं असेल? गिरधरनं. "माई!" तो ओरडला. "मी म्हटलंच होतं, चेहरा सारखा आहे!" जिवंत धुरपदा त्याला ओळखता आली नव्हती, मेलेली लगेच पटली.

"माई, वर कसं आहे?" एका म्हातारीनं हात जोडून विचारलं.

आता धुरपदाबाईच्या जिभेला मोकळं रान मिळालं. "वर? वर लई गर्दी शे. रेशनच्या दुकानासमोर ऱ्हास तशी लाईन. मी इचारं, इतले लोकं कोन? तठला शिपाई म्हने, हे बठ्ठे गोळ्या सोडी उनात ते. त्यासना हातात बाटल्या, बाटल्यांवर मन्हा फोटो! यमराजानं मले कान धरून उभं करं. म्हने, धुरपदे, तुन्हा नावानं माझं काम कोन वाढवस? जाय, खाली जाय आन् सांगी ये. ज्यानं ज्यानं गोळी सोडी, त्यानं आजपासून परत धरायची! जो धरणार नही, त्याच्या पाटावर दर आखाजीले मी जेवाले बसणार!"

एक पोरगं रडायला लागलं. त्याच्या बापानं खिशातून कागदात गुंडाळलेल्या गोळ्या काढून तिथल्या तिथे एक तोंडात टाकली. कोणी पाणी मागितलं तर धुरपदाबाईनं घागरीतलं दिलं.

मगन पुढे झाला. "मोठी माय, बस कर..."

"काय म्हनना?" ती त्याच्याकडे वळली. "मी जित्ती शे म्हनतोस का? म्हन. सांग बठ्ठासले."

मगन एक पाऊल मागे सरला. त्यानंच तिला मारलं होतं. आता जिवंत कसं करणार?

"झुंबरबाईले आज, आत्ता, जळगावले मोठ्या दवाखान्यात न्यायचं," धुरपदाबाई म्हणाली. "डॉक्टर सांगीन तसं करायचं. अंगठा कापा म्हने तर कापायचा. झुंबरे, आयकं का? अंगठा मी मन्हाजवळ ठेवी लेसू. तू वर येशी तवा परत देसू."

झुंबरबाईनं तिच्याकडे बघितलं. तिला ठाऊक होतं हे नाटक आहे. मग तिनं कनवटीला खोचलेली पुरचुंडी सोडली. आत गोळ्या होत्या. सोडल्या होत्या, पण फेकल्या नव्हत्या. एक गोळी जिभेवर ठेवून तिनं लोटा मागितला. धुरपदाबाईनं स्वतःच्या हातानं पाणी पाजलं, मेलेल्या बाईच्या घागरीतलं.

"नीट उशी दे पायाखाली," ती झुंबरच्या मुलाला म्हणाली. टेम्पो दारात लागला. धुरपदाबाईला टेम्पोत बसून जायचं होतं, दवाखान्याच्या दारात झुंबरचा हात धरून बसायचं होतं. पण मेलेली बाई टेम्पोत कशी बसणार? तिला अदृश्य व्हावं लागणार होतं. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, मागच्या दारानं निघाली, आणि केळीच्या बागेत शिरली. लोकांनी अंगात आल्यासारखे डोळे मिटून हात जोडलेले. उघडले तेव्हा माई नव्हत्या.

बागेच्या पलीकडे कालव्याच्या चारीच्या कडेनं ती स्टँडकडे चालली होती. मागून मगन पळत आला, चपला हातात.

"मोठी माय! थांब ना!"

ती थांबली. किती काही बोलायचं ठरवलं होतं एसटीत. आता एवढंच निघालं, "काबर रे, मगन?"

"लोकं ऐकत नव्हती," तो म्हणाला. "मी सुरुवातीला तुझ्यासारखंच केलं. दोन तोंडं, परात, सगळं. लोकं म्हणायची, तू कोण? मग म्हटलं, माय गेली, तिचं पाणी आहे. त्या दिवसापासून रांग लागली. जिवंत माणसावर कोणाचा विश्वास बसतो, मोठी माय? आज बघितलंस ना तूच." मग तो खाली बघत बोलला, "तूही तेच केलंस. पाण्यावर वाकून. मी काय वेगळं केलं?"

चारीत पाणी नव्हतं. तळाच्या मातीला भेगा पडल्या होत्या.

"तू मले मारं, ते मी सोसं असतं," धुरपदाबाई म्हणाली. "पण तू मले तठे आनं, जठे खोटं बोलल्याशिवाय झुंबर वाचत नव्हती." आणि ती चालायला लागली. मगननं मागून हाक मारली नाही. जरा वेळानं तिनं वळून बघितलं तर तो परत शेडकडे निघाला होता, चपला पायात घालून, घाईघाईनं.

पावसाळा लागायच्या आधी पुष्पाबाई परत माहेरी आली. झुंबरबाईचा अंगठा गेला, पाय राहिला. काठी धरून अंगणात फिरते, गोळी रोज घेते, आणि गोळी घेताना रोज धुरपदाला एक शिवी देते, असं तिनं सांगितलं. धुरपदाबाईला बरं वाटलं.

"अन् केंद्र?"

पुष्पाबाईनं पिशवीतून नवी बाटली काढली. फोटो तोच, तेज मोठं झालेलं. "आखाजीला प्रकट झालेल्या जलमाता," तिनं वाचलं. "डॉक्टरांच्या गोळीबरोबर घ्या, गुण लवकर येतो." आता रांग रस्त्यापर्यंत लागते, म्हणाली. गिरधरभाऊ प्रकट होतानाची गोष्ट सांगतात. त्यांच्या सांगण्यात तुझे पाय जमिनीला लागत नव्हते.

"गुडघे दुखत होते, म्हनून असेल," धुरपदाबाई म्हणाली. पण हसली नाही.

त्या दिवशी नदीत एक जण वाट बघत होता. जवळच्याच खेड्यातला सुकदेव, छातीत जळजळ घेऊन आलेला. त्यानं स्वतःच झिरा खणून ठेवला होता, पाणी निवळलं होतं, परात भरून वाळूवर ठेवली होती. "माय, ये ना, दोघं वाकू," तो म्हणाला.

धुरपदाबाई परातीजवळ गेली. पाण्यात सुकदेवचं तोंड दिसत होतं, शेजारी जागा रिकामी. ती वाकली नाही. तिनं परात उचलली, पाणी झिऱ्यात ओतलं, आणि पायानं वाळू आत लोटायला लागली.

"नरडाण्याच्या दवाखान्यात जाय, भाऊ," ती म्हणाली. "अठली धुरपदा आखाजीले मरी गयी."

सुकदेव मोठ्यानं हसला. म्हातारीची नेहमीची थाप, त्याला वाटलं. ती वाळू लोटत राहिली, खड्डा जमिनीसपाट होईपर्यंत.